'जवारीदार आवाज' म्हणजे नक्की कसला आवाज? कौतुक समजायचं की टोमणा?

कर्वेनगरची_मी
नमस्कार मंडळी. गाण्याचा क्लास लावलाय, या वयात कशाला म्हणून घरात थट्टा झालीच, असो. तर आमच्या गाण्याच्या बाई परवा म्हणाल्या, "तुमच्या आवाजात जवारी आहे हो, ती मारू नका, उगाच गोड गायला जाताय." मी मान डोलावली आणि घरी आले. तंबोऱ्याची जवारी ऐकून माहितीये पण ती गळ्यात कुठनं आली? सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणतात अगं त्यांना घोगरा म्हणायचं असेल, फी घेतायत म्हटल्यावर तोंडावर कशा बोलतील. आता मला झोप नाही. सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत पेपरातल्या परीक्षणांतही हा शब्द सारखा दिसतो, जवारीदार, पल्लेदार, लोचदार वगैरे, आणि मी तो आजवर नुसता गिळत आले. जाणकारांनी जरा उलगडून सांगा. जवारीदार म्हणजे घोगऱ्याचं सोज्वळ नाव का?

खवचट_काका
सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार. पण त्यांचं एक चुकतंय. घोगऱ्याला जवारीदार म्हणण्याइतका मुलाहिजा पुण्यातली गाण्याची बाई ठेवणार नाही, ती सरळ "आधी घसा दाखवून या" म्हणेल. त्यामुळे कौतुकच समजा आणि झोपा.

बेळगावी_कुंदा
आमच्याकडं जवारी म्हणजे गावठी ओ. जवारी मिरची, जवारी कोथिंबीर, जवारी कोंबडी. हायब्रीड नव्हे ते सगळं जवारी. कन्नडमध्ये पण तोच अर्थ. त्यामुळं पुण्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी गाण्याला "काय जवारीदार आवाज" म्हणताना ऐकलं तेव्हा मला वाटलं गावाकडचा रांगडा गळा म्हणतायत, आणि गंमत म्हणजे तो अर्थही त्या गायकाला फिट्ट बसत होता.

शेंगदाणा
आणि ज्वारीला पण जवारी म्हणतात की तिकडे. वाचतेय, रुमाल टाकून ठेवला.

तंबोऱ्यामागचा
मी गात नाही, बरीच वर्षं गाणाऱ्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसतोय, म्हणून हे नाव. तेव्हा मागून जे ऐकू येतं ते सांगतो.

कुंदा, ती जवारी वेगळी, ही वेगळी. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे भोपळ्यावरची जी पट्टी तारा उचलून धरते ती, लांबून सपाट दिसते पण तशी नसते, तिला अगदी किंचित उतरती गोलाई असते. तार त्या उतारावर टेकत टेकत जाते. तार आणि घोडीच्या मधे सुती नाहीतर रेशमी दोरा सरकवलेला असतो. तो दोरा केसभर मागेपुढे करत राहायचं, आणि एक जागा अशी येते की तोवर ठक्क करून कोरडी वाजणारी तार एकदम उलगडते आणि झंकारायला लागते. ही जवारी. वाजवून वाजवून तारेखाली घोडीला चरे पडतात आणि जवारी जाते, मग कारागीर कानस घेऊन ती गोलाई पुन्हा आणतो, त्याला जवारी काढणं म्हणतात. हे काम येणारे लोक फार थोडे. मिरजेत ही कला ज्या शिकलगार मंडळींनी वाढवली ते मूळचे हत्यारांना धार लावणारे, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते याच कामाच्या जोरावर. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड तुणीचं, पण जवारी नसेल तर ते सगळं नुसतं फर्निचर.

जवारी खुलली की एका तारेतून एकच स्वर येत नाही. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार छेडा आणि कान द्या, त्यात गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. तो कुणी लावलेला नसतो म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

आता गळ्याकडे. ज्या आवाजात मूळ स्वराबरोबर ही वरची झळाळी सतत असते तो जवारीदार. मागे बसलेल्याला हे लगेच कळतं. गवयाने सा लावला आणि माझ्या हातातला तंबोरा एकाएकी मोठा वाजायला लागल्यासारखा वाटला की समजायचं गळ्यात जवारी आहे. याउलट काही गळे फार गोड असतात पण सा लावला की तंबोरा झाकला जातो, जणू कुणी त्यावर शाल टाकली. तुमच्या बाई "उगाच गोड" म्हणाल्या ते बहुतेक याच अर्थाने.

आणि जवारी म्हणजे जाड आवाज हे डोक्यातून काढून टाका. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब, जे १९३७ साली गेले आणि ज्यांची मिरज कर्मभूमी, त्यांचा आवाज बारीक, उंच. जुन्या रेकॉर्डवरसुद्धा तो तंबोऱ्यात इतका मिसळतो की कुठे गळा संपला आणि कुठे तार सुरू झाली हे शोधावं लागतं. वाद्यांची दुरुस्तीही ते स्वतः करायचे असं सांगतात, कानाला त्याची सवय असणारच.

सदाशिव३०
तंबोऱ्यामागचा, छान लिहिलंय पण मला हे पटत नाही. तुमची कसोटी मागे बसणाऱ्याची झाली. समोर हजारो लोक, मधे माइक, स्पीकर आणि साउंडवाल्याची मर्जी, त्यात कुणाच्या गळ्यात जवारी हे कुणाला कळणार? परीक्षण लिहिणाऱ्याला तर नाहीच नाही. माझ्याकडे जुनी कात्रणं आहेत, एकाच लेखात तीन गायक, तिघेही जवारीदार! त्यातला एक तर मी समोर बसून ऐकलेला, त्या दिवशी बिचाऱ्याचा घसा चक्क बसलेला होता. म्हणजे सासूबाई अगदीच चूक नाहीत. "आज आवाज लागला नव्हता" असं लिहायचं धाडस नाही की जवारीदार लिहून टाकायचं. शब्द चांगला असेल पण वापरून वापरून त्याची पार रया गेलीय.

खवचट_काका
आवाज बसलेला असेल तर "अनुभवसमृद्ध" लिहायचं असतं हो, जवारीदार नाही. परीक्षणं नीट वाचत जा.

कर्वेनगरची_मी
म्हणजे मूळ प्रश्न तसाच राहिला ना, की घोगरा आणि जवारीदार यात खरंच काही फरक आहे की नुसता ऐकणाऱ्याच्या मुलाहिज्याचा?

स्वरयंत्रवाली
फरक आहे आणि तो चांगला मोजता येण्याइतका आहे. मी व्हॉइस थेरपी करते, शिक्षक, कीर्तनकार, वकील, कॉल सेंटरची पोरं असे सगळे घसे रोज ऐकते.

आवाज तयार होतो तो स्वरयंत्रातल्या दोन पडद्यांच्या उघडझापीतून. बोलताना पुरुषांमध्ये ती सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा होते, बायकांमध्ये दोनशेच्या आसपास. पडदे जर नीट, झटकन आणि दर वेळी सारखे मिटले तर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर भरपूर तयार होतात. तंबोऱ्यामागचा यांनी जो गंधार सांगितला तो खर्जाच्या पाचपट कंपनांचा, हेच गणित. अशा आवाजाला धार असते, तो न ओरडता लांब जातो. गाण्यातली मंडळी ज्याला जवारी म्हणतात ती माझ्या मते हीच.

घोगऱ्यात उलट होतं. पडद्यावर सूज असेल, गाठ असेल, कडा खरखरीत झाली असेल तर दोन्ही पडदे वेगवेगळे आणि अनियमित हलतात, मधून हवा निसटते. मग वर जे येतं ते मूळ स्वराच्या पटीत नसतं, तो नुसता गोंगाट असतो. कानाला दोन्हीकडे "काहीतरी जास्तीचं" ऐकू येतं म्हणून लोकांची गल्लत होते. पण एका ठिकाणी ते जास्तीचं सुरात आहे आणि दुसरीकडे सुराबाहेर.

घरी करून बघण्यासारखं: मध्यम पट्टीत आऽऽ लावा आणि हळूहळू आवाज बारीक करत न्या. जवारी असलेला आवाज अगदी हळू झाला तरी तुटत नाही. घोगरा आवाज हळू करायला गेलं की फुसफुसतो नाहीतर मधेच गायब होतो, तो टिकवायला जोर लावावा लागतो. याने रोगनिदान होत नाही, पण फरक कानाला कळतो. आणि कुणाचाही आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर हळद-दूध पीत बसू नका, कान-नाक-घसावाल्यांकडे जाऊन पडदे बघून घ्या. सिगरेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच.

आमच्याकडे आवाजाला गुण द्यायची एक पद्धत आहे, जीआरबीएएस म्हणतात, जपानमधून आलेली. खरखर किती, हवा किती, अशक्तपणा किती, ताण किती, असं शून्य ते तीन. गंमत म्हणजे त्यात चांगल्या आवाजासाठी शब्दच नाही. सगळं शून्य आलं की निरोगी, विषय संपला. म्हणून मला हे जवारीबिवारी शब्द आवडतात, निरोगीच्या पुढे काय असतं ते गाणाऱ्यांकडेच आहे.

फिजिक्सचा_मास्तर
मास्तरकी करून घेतो. तंबोऱ्याच्या घोडीने सी. व्ही. रामन यांनाही कोड्यात पाडलं होतं. नेहमीच्या नियमाने तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा (वर सांगितलेल्या दुप्पट-तिप्पट कंपनांच्या स्वरांपैकी एकाचा) स्थिर, न हलणारा बिंदू असतो तो उपस्वर वाजायला नको. तंबोरा आणि वीणेत तो बिनधास्त वाजतो, हे त्यांनी कलकत्त्यात असताना १९२१ च्या लेखात मांडलं आणि कारण म्हणून त्या गोल घोडीकडेच बोट दाखवलं. नोबेलचं काम त्यानंतरचं. वर्गात पोरांना हे सांगितलं की तंबोऱ्याकडे जरा आदराने बघतात, एरवी "ते आजोबांचं गिटार" म्हणतात.

शेंगदाणा
मग बेगम अख्तर? त्यांचा आवाज वर जाताना मधेच फाटायचा आणि लोक त्यासाठीच जीव टाकायचे. ती जवारी का?

तंबोऱ्यामागचा
नाही, त्याला पत्ती म्हणतात. वरच्या स्वरावर आवाजाला क्षणभर चीर जाते, ती पत्ती. जवारी सतत असते, पत्ती एखाद्याच जागी लागते. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात तीच चीर आली तर आपण आवाज फुटला म्हणू. त्यांच्या ठुमरी-गझलेत ती नेमकी दुखऱ्या शब्दावर यायची म्हणून तिला वेगळं नाव मिळालं, आणि लोक तिची वाट बघत बसायचे.

सदाशिव३०
हेच तर म्हणतोय मी! मोठ्या माणसाच्या गळ्यात आलं की पत्ती, आपल्या गळ्यात आलं की फाटका आवाज.

आणि गंगूबाई हनगल? त्यांच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डवर बारीक, गोड आवाज आहे. मग टॉन्सिलचा उपचार झाला आणि आवाज असा बदलला की नुसतं ऐकणाऱ्याला पुरुष गातोय वाटावं. वैद्यकीय नजरेने बघितलं तर बिघाडच ना तो? घोगरा म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

स्वरयंत्रवाली
हिंमतीचा प्रश्न नाही, ऐकून बघा. आवाज खाली गेला, रुंद झाला, पण त्यात गोंगाट कुठाय? सा लावला की खांबासारखा उभा. पट्टी उतरणं आणि घोगरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे बायकांचा आवाज जरा खालचा असला की लगेच "घोगरा" शिक्का बसतो, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली त्याच शिक्क्यापायी आलेल्या असतात, पडदे बघितले तर एकदम ठणठणीत. फोनवर "हां बोला साहेब" ऐकून ऐकून वैतागलेल्या. आणि मग त्या आवाज मुद्दाम वर चढवून, हवा सोडून बोलायला लागतात आणि तेव्हा कुठे खरा त्रास सुरू होतो.

कर्वेनगरची_मी
फोनवरचं "साहेब" अगदी अगदी! बँकेतून फोन आला की माझीच ओळख पटवून द्यावी लागते.

आणि हवा सोडून गाणं हे पण मीच. बाईंना आज थेट विचारलं. म्हणाल्या, तुम्ही रेडिओवरच्या बारीक आवाजांसारखं गायला बघता, स्वर गालात ठेवता, आणि काळी चारचा, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून उंच गायचा, हट्ट धरता. मग तंबोरा काळी दोनला लावला आणि तोंड उघडून आकार, म्हणजे नुसता आऽऽ, लावायला लावला. दोन्हीतला फरक मला स्वतःला ऐकू आला. सासूबाई बाहेरच्या खोलीत पोथी वाचत होत्या, त्यांनी फक्त "आज मोठ्याने गात होतीस" एवढंच म्हटलं. हे कौतुक का टोमणा हा नवीन धागा काढावा लागेल.

खवचट_काका
काढा, तो हजारी जाईल.

जुनी_पोथी
आवाजाच्या जाती लावायचा उद्योग फार जुना आहे. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, यादवांच्या पदरी राहून 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात आवाजाचे चार प्रकार दिलेत: खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक. कफाचा तो खाहुल, स्निग्ध आणि गोड. पित्ताचा नाराट, तिन्ही सप्तकांत भरीव. वाताचा बोंबक, पोकळ आणि रुक्ष. मिश्रक म्हणजे सरमिसळ. पुढे गुणदोषांची यादी वेगळी आहेच. बोंबक वाचून मला आपलं "बोंब मारणं" आठवतंच, संबंध असो नसो.

बेळगावी_कुंदा
आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे बोंबक. चेअरमन मिश्रक.

शेंगदाणा
मराठीत नावं ठेवायला शब्द किती आहेत बघा: भसाडा, चिरका, किनरा, गेंगाणा, बसका, पिचका, फाटका, घोगरा. कौतुकाला मात्र गोड, मंजुळ, खणखणीत आणि मग डायरेक्ट कोकिळा.

सदाशिव३०
पहाडी राहिला. आणि तो शब्द अजून शाबूत आहे, कारण तो कुणाला लावायचा हे लोकांना माहितीये. शाहीर अमर शेखांना पहाडी म्हणत ते उगाच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना लाखांनी माणसं जमायची आणि त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा असं आमचे वडील सांगायचे. आता रील्सवर कानाला हेडफोन लावून पोवाडा म्हणणाऱ्यालाही कमेंटमध्ये पहाडी लिहितात म्हणा. तोही शब्द जाणारच.

तंबोऱ्यामागचा
सदाशिवराव, तुमचा मूळ राग मला मान्य आहे, परीक्षणात हा शब्द मिठासारखा टाकतात. पण त्यासाठी शब्द बाद कशाला करायचा? तालमीत तो अजून रोज कामाला येतो. गुरू शिष्याला म्हणतात "जवारी उघड", "आज जवारी बंद आहे", आणि शिष्याला नेमकं काय करायचं ते कळतं: जबडा सैल सोड, हवा दाबू नकोस, स्वर पुढे आण. तिथे कुणी कुणाची स्तुती करत नसतं. सतारवाले तर खुली (जास्त झंकारणारी) आणि बंद (कमी झंकारणारी) जवारी आवडीप्रमाणे मुद्दाम वेगळी करून घेतात, पं. रविशंकरांची खुली, उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद, आणि दोन्ही उत्तमच. म्हणजे "जवारी आहे" एवढ्याने चांगलं-वाईट ठरतच नाही. ती कशी आहे हे सांगायचं असतं, आणि परीक्षणवाले नेमके तिथेच थांबतात.

सदाशिव३०
हां, हे पटलं. तालमीतल्यासाठी ठेवा, पेपरवाल्यांकडून काढून घ्या.

धायरी_फाटा
थोडं अवांतर, पण इथे माहितगार जमलेत म्हणून विचारतो. मुलगा तेरा वर्षांचा, लहानपणापासून गातोय, काळी चारला छान गायचा. आता आवाज फुटतोय, कालपर्यंत येणारी तान आज मधेच घसरते आणि तो चिडून क्लासला जातच नाही. सर म्हणतात थांबू नका, आजी म्हणते वर्षभर गाणं बंद. आवाजातली ती जवारी की काय ती कायमची जाईल का?

स्वरयंत्रवाली
जाणार नाही. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, पडदे लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो, आणि मेंदूला जुन्या मापाची सवय असते म्हणून ती घसरगुंडी. काही महिने ते वर्ष-दीड वर्ष चालू शकतं. गाणं पूर्ण बंद करायची गरज नाही, पण तार सप्तक, म्हणजे वरचे स्वर, नको, मोठ्याने नको, स्पर्धा तर अजिबात नको. मधल्या चार-पाच स्वरांत दहा-पंधरा मिनिटं, दुखलं किंवा थकला की थांबायचं. आणि घरात त्याच्या आवाजाची नक्कल करून हसू नका, हे औषधापेक्षा महत्त्वाचं. क्रिकेटच्या मॅचला ओरडणं कमी केलं तर उत्तमच, ऐकणार नाही म्हणा.

धायरी_फाटा
खूप आभार. नक्कल त्याचा काकाच करतो, त्याला वाचायला देतो. सर म्हणतात काळी एकला उतरवू. वाढदिवसाला त्याच्यासाठी मिरजेचा तंबोरा घेणार होतो, तो घ्यावा का?

तंबोऱ्यामागचा
आत्ता घेऊ नका. काळी चारचा तंबोरा आणि काळी एकचा तंबोरा यांची लांबी आणि तारांची जाडी वेगळी असते. उंच पट्टीचा तंबोरा खाली उतरवला की तारा ढिल्या पडतात, जवारी बसते, मग तारा बदला, दोरा बदला, कारागिराकडे न्या, हे सुरूच राहतं. पोराचा आवाज कुठे जाऊन टिकतो ते आधी बघा, पांढरी एक, काळी एक, काळी दोन, काहीही होऊ शकतं. तोवर मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर भागवा, पट्टी आठवड्याला बदलली तरी तो कुरकुर करत नाही. आणि घ्याल तेव्हा त्याला बरोबर घेऊन जा, दुकानात चार तंबोऱ्यांच्या मधे बसवून सा लावायला सांगा. ज्याच्याजवळ बसल्यावर सा लावायला कष्ट पडत नाहीत तो घ्या, नक्षीकाम बघू नका.